गणवेशाचं कलम

तिखाया, ११ सप्टेंबर २०११

लुशाताई,

कमरेत वाकून नमस्कार. वाकले ती टेबल धरूनच वर आले, तेव्हा हा नमस्कार नेहमीपेक्षा लांबीचा समज.

अक्षर पाहून घाबरू नकोस, मी काही म्हातारपणी लिहायला शिकले नाही. आजवर माझी पत्रं वास्या लिहायचा. आता माझा लेक नगराध्यक्ष झालाय. अख्ख्या गावाच्या गटारांची गाऱ्हाणी ऐकतो, आईची दोन वाक्यं ऐकायला त्याला फुरसत नाही. म्हणून ही नवी लेखनिका पकडली. मोर्ना तिचं नाव. हार्डवेअरच्या दुकानावर खोली घेऊन एकटी राहते, सरकारी नोकरीत आहे. पार पूर्वेच्या बेटावरची, मासे खाऊन वाढलेली पोर. मी तिला बीट, कोबी आणि बटाट्यावर आणून ठेवलंय. महिन्याभरात गाल कसे लाल झालेत बघ.

(गाल चुलीजवळ बसवल्यामुळे लाल आहेत. – मो.)

पाहिलंस? मध्येच नाक खुपसते. मी म्हटलं, लिही, तेही लिही. कागद तिचाच आहे.

आता मुद्द्याचं. हॅरॉल्ड भावोजींना जाऊन वर्ष झालं. तू तिथे किनाऱ्यावरच्या त्या शहरात, चौथ्या मजल्यावर, कानानं ठार बहिरी. फोन केला तर तुला माझं ऐकू येत नाही, फक्त तुझ्या शेजाऱ्यांना तुझं ओरडणं ऐकू येतं. कशाला राहतेस गं तिथे? मागची खोली मी रिकामी केलीय. खिडकी बागेकडे उघडते. गादी नवी भरून घेतली, भिंतीला पांढरा रंग वास्यानं दिला, म्हणजे दुसऱ्याकडून देववला.

आठ वर्षांची असताना तुला नेलं. पंधराव्या वर्षी सोडलं, तेव्हा तू उलट्या दिशेची बस धरलीस. मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. त्यानंतर आलीस ती लग्नाला, मयताला. सकाळी आलीस, संध्याकाळच्या बसनं परत. तुला नेलं त्या दिवसापासून या गावात तू एकदाही झोपलेली नाहीस, ताई. आता ये आणि झोप.

तुझी
फेन्या


व्हँकुव्हर, २५ सप्टेंबर २०११

फेन्ये,

तुझं पत्र आलं आणि पहिल्यांदा मला सगळं वाचता आलं. वास्याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं अंगण उकरावं तसं असतं. ही मुलगी छान लिहिते. ओळी सरळ, अक्षर मोकळं. आणि तुझं बोलणं जसंच्या तसं उतरवते, मला तुझा आवाज ऐकू आला. आता मला आवाज फक्त कागदावरूनच ऐकू येतात. तिला म्हणावं, नाक खुपसत राहा.

खोलीचं वाचलं. यावंसं वाटतं. इथे कोणी नाही. पण एक गोष्ट तुला माहीत असून तू लिहिली नाहीस, म्हणून मीच लिहिते.

रशियातून आलेल्या आपल्या लोकांनी पोरं सरकारी शाळेत धाडली नाहीत, म्हणून ट्रक आले. त्या सकाळी आईनं तुला न्हाणीघरात बाकाखाली ढकललं. तू तिथे मावलीस. मी मोठी, मावले नाही. एका पोलिसानं मला कोपराच्या वर धरून उचललं. पकड जोराची नव्हती. तो सारखं काहीतरी बोलत होता. आज वाटतं, समजूतच घालत असावा. त्याची भाषा मला येत नव्हती. मला त्याच्या कमरेचा पट्टाच दिसत होता, माझ्या तोंडासमोर होता तो. मग सात वर्षं वसतिगृह, आणि महिन्यातून दोनदा तारेच्या जाळीतून आईची बोटं.

शहरात पोलीस दिसला की मी रस्त्याच्या पलीकडे जाते. इथे रस्ते रुंद आहेत, माणसं पुष्कळ आहेत, कोणाच्या लक्षात येत नाही. तिखायात एकच रस्ता आहे. तेव्हा मला एवढंच सांग: गावात अजून पोलीस नाही ना? पूर्वीसारखेच बाहेरून येऊन बाहेर जातात ना? तसं असेल तर मी येईन. मरेपर्यंत राहीन.

लुशा


तिखाया, ९ ऑक्टोबर २०११

वास्या,

प्रांताच्या राजधानीत हॉटेलात राहतोस म्हणे. तिथे शाकाहारी काही मिळतं का, की नुसता पाव चघळतोस? फोनवर तू ‘हो आई, हो आई’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून कागदावर धाडतेय. कागद खिशात राहतो, टोचतो.

तुझी मावशी यायला तयार आहे. मरेपर्यंत राहीन म्हणते. मी वाचून घेतलं आणि अंगणात जाऊन कोबीला सांगून आले. पण तिची अट आहे. गावात पोलीस नको.

आता पोलीस माझ्याच टेबलावर बसून हे पत्र लिहितोय, तिला मी काय कळवू?

मी आपलं मोर्नाला ‘सरकारी नोकर’ म्हणून टाकलं होतं. लिहितानाच ती थांबली. म्हणाली, “आजी, हे खोटं आहे.” मी म्हटलं, “खोटं नाही गं, कमी आहे.” “कॉन्स्टेबल लिहायला काय झालं?” “तुला लिहिता येतं, मला येत नाही, तरी सांगते. काही शब्द कागदावर आले की माणूस पुढचं वाचत नाही.” ती गप्प लिहीत राहिली. (गप्प नव्हते. दोनदा हरकत घेतली. – मो.)

तर माझं म्हणणं ऐक. गाव वाढलं, पाच हजारांच्या वर गेलं, आता पोलिसांचा करार आपल्याला स्वतः करावा लागतो, खर्चातला वाटा आपला, हे तू समजावलंस ते मला कळलं. आपल्या प्रार्थनासभेतही सगळे बसले, दोन दिवस बोलले, गायले, शेवटी हो म्हणाले. आपल्या लोकांना बंदुका नकोत, पण रस्त्यावर दारू पिऊन गाड्या उडवणारेही नकोत. ठीक. पण तू तिथे करार ठरवायला बसलायस ना? मग त्यात माझं एक कलम घाल. आमच्या गल्लीत, गुन्हा घडलेला नसताना, पोलीस येईल तर साध्या कपड्यांत येईल. पट्टा नाही, टोपी नाही, पिस्तूल नाही. बस. एवढं झालं तर तुझ्या मावशीला मी सांगू शकते की बाई, इथे पोलीस नाही, मोर्ना आहे.

जास्त मागितलं का रे?

आई


व्हिक्टोरिया, २० ऑक्टोबर २०११

आई,

पत्र मिळालं. खिशात आहे, टोचतंय.

तुला वाटतं मी करार ठरवायला बसलोय. बसलोय खरा, पण कुठे ते ऐक. मधल्या टेबलाच्या एका बाजूला केंद्राची माणसं, दुसऱ्या बाजूला प्रांताची. करार त्या दोघांमधला. आम्ही नगरपालिकांचे प्रतिनिधी भिंतीला लागून खुर्च्या टाकून. आम्हाला निरीक्षक म्हणतात. कॉफी मिळते. बोलायचं असेल तर आधी चिठ्ठी द्यायची, मग प्रांताचा माणूस ठरवणार, ती वाचायची की नाही. पुढची वीस वर्षं पैसे आम्ही भरणार आणि बोलणार ते. मी हे बोलून दाखवलं, तर सगळे सभ्यपणे हसले. हो, सभ्यपणे हसणं इथलं सगळ्यात मोठं हत्यार आहे.

तुझ्या कलमाची चिठ्ठी दिली. उत्तर आलं की माणसं किती हवीत, कोणत्या कामाला आधी हात घालावा, हे गावानं सुचवावं. पण पोलिसानं काय घालावं, केव्हा घालावं, हे खात्याच्या कामकाजात येतं, त्यात गावानं पडायचं नाही. मी हट्ट धरला. आमच्या गावात लहानपणी उचलून नेलेली माणसं अजून जिवंत आहेत, म्हटलं. तेव्हा कोणी हसलं नाही. उत्तरेकडच्या एका मासेमारी गावची नगराध्यक्षा उठली आणि म्हणाली, आमच्याकडेही आहेत. मग प्रांताच्या माणसानं काहीतरी टिपून घेतलं. शेवटच्या बैठकीत विषय घेऊ म्हणालेत. घेऊ म्हणालेत, आई. दिलं म्हणाले नाहीत.

मावशीला खरं सांगून टाक. मोर्नाचं म्हणणं बरोबर आहे.

वास्या


व्हँकुव्हर, ३१ ऑक्टोबर २०११

फेन्ये,

महिना झाला, तुझं उत्तर नाही. त्याऐवजी इथल्या वर्तमानपत्रात वास्याचा फोटो आला. पोलिसांच्या कराराची बातमी. वास्या एका गणवेशवाल्याशी हात मिळवतोय. कोट चांगला शिवलाय, पण हसू त्याच्या बापाचं आहे, घाबरल्यावर यायचं ते.

काय चाललंय?

लुशा


तिखाया, ८ नोव्हेंबर २०११

ताई,

कमरेत वाकून नमस्कार. या वेळी जास्तच खाली.

फोटो खरा आहे. गाव वाढलं, म्हणून कायद्यानं पोलीस ठेवावे लागतात. ठाणं हमरस्त्याला आहे, पेट्रोल पंपाशेजारी, आपल्या गल्लीपासून लांब. वास्या तिथे हौसेनं गेलेला नाही. तो आपल्यासाठीच भांडतोय. त्यानं करारात कलम मागितलंय, की आपल्या गल्लीत पोलीस येईल तर साध्या कपड्यांत येईल. पट्टा नाही, टोपी नाही, पिस्तूल नाही. तुझ्यासाठी मागितलंय, ताई. आपल्यातला माणूस त्या खोलीत बसलाय आणि तुझं नाव न घेता तुझीच गोष्ट सांगतोय. आईला हे पाहायला हवं होतं.

बाग आवरली. गाजरं वाळूत पुरली. तुझ्या खोलीत सफरचंदं ठेवलीत, वास छान सुटलाय. मोर्ना रोज एक चोरते.

(एकच. – मो.)

ये गं.

फेन्या


व्हँकुव्हर, २० नोव्हेंबर २०११

फेन्ये,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग शेजारणीलाही दाखवलं. असं कलम सरकारच्या करारात, आणि ते आपल्या वास्यानं घातलेलं. माझ्या आयुष्यात ते टेबल नेहमी दुसऱ्यांचं होतं. त्यावर आमच्याबद्दल लिहायचे आणि आम्ही बाहेर उभे. आता आमच्यातल्या एकानं तिथे काहीतरी लिहून घेतलं. मला रडू आलं. हॅरॉल्ड गेल्यावरही असं आलं नव्हतं.

मी येते. घर सोडायचं कळवलंय. भांडी शेजारणीला दिली. दहा डिसेंबरला शनिवारी संध्याकाळी बस तुमच्याकडे पोहोचते.

एक मागणं आहे. स्टँडवर मला घ्यायला मोर्ना आली तर? ती तुझं बोलणं लिहिते, तेव्हा तुझ्याआधी तिचीच ओळख झाल्यासारखी वाटते. तिला बोलावं लागणार नाही, मला ऐकूच येत नाही. नुसती उभी राहू दे. मी निळी शाल घेईन. मी तिला ओळखेन.

लुशा


तिखाया, २८ नोव्हेंबर २०११

ताई,

ये! मोर्ना येईल. वास्या गाडी चालवेल, ती शेजारी बसेल.

आज एवढंच. ही पोर टेबलावर डोकं ठेवून बसली होती, एवढंही कसंबसं लिहितेय. ‘आजी, आधी त्यांना सांगा,’ म्हणते. मी तिला म्हटलं, तुझी भेट होऊ दे, एक दिवस, एक जेवण, मग मीच सांगेन. पोरी, तुझ्या हातच्या बिटाच्या बोर्श्चचा वाडगा चाखल्यावर ताई कोणाचाही राग करू शकत नाही, कारण तोंडातून शब्दच फुटत नाही, इतकं खारट करतेस तू.

काय सांगायचंय ते घरी आल्यावर. जड नाही, घाबरू नकोस.

फेन्या


तिखाया, १२ डिसेंबर २०११

लुशाआजी,

मी मोर्ना. हे पत्र आजी सांगत नाहीयेत. त्या आतल्या खोलीत आहेत, तुमच्या खोलीत.

आधी जे लिहायला हवं होतं ते लिहिते. मी पोलीस आहे, तिखायाची कॉन्स्टेबल. पहिल्या पत्रापासून होते. आजींनी लपवलं आणि मी लिहीत गेले, म्हणून मीही लपवलं. ते कलम अजून झालेलं नव्हतं, फक्त मागितलेलं होतं. तुम्ही झालं असं समजलात. तुमचं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. आजी म्हणाल्या, “होईलच की. वास्या गेलाय ना.”

शनिवारी वास्या तुम्हाला आणणार होता. शुक्रवारी त्याला निरोप आला, शेवटची बैठक शनिवारीच, हजर राहा. कलम त्याच बैठकीत येणार होतं. तो गेला. म्हणाला, मावशीसाठीच जातोय.

मी माझ्या गाडीनं निघणार होते, आजींनी विणलेला स्वेटर घालून. थंडीत ती गाडी सुरूच झाली नाही. शेजारचे दोघे खाटा हलवायला आजींकडेच आले होते, पण त्यांच्या गाडीला बर्फात चालणारे टायर नव्हते. स्टँड संध्याकाळी बंद होतो, शेड उघडी असते, आणि तुम्हाला ऐकू येत नाही. पोलिसांची गाडी गणवेशाशिवाय चालवता येत नाही, तो नियम आहे. मी कपडे बदलले. वरून आजींची शाल घेतली. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘लुशाआजी, मी मोर्ना.’ माझं अक्षर तुम्ही ओळखाल असं वाटलं.

बस आली. तुम्ही दारात उभ्या होतात. निळी शाल. मी पुठ्ठा वर धरला, तर शाल खांद्यावरून घसरली. तुम्ही पुठ्ठ्याकडे पाहिलंच नाहीत. तुम्ही माझ्या कमरेकडे पाहत होतात.

मी बोलत होते. ऐकू येत नाही हे माहीत असून बोलत होते. पायरीवर बर्फ होता, तुमचा पाय सरकला आणि मी तुम्हाला धरलं. दंडाला, कोपराच्या वर. धरल्यावर मला आठवलं की तुमचं ते पत्र मीच वाचून दाखवलं होतं.

तुम्ही ओरडला नाहीत. हात सोडवूनही घेतला नाहीत. मी सोडेपर्यंत तशाच उभ्या राहिलात. मग मागे वळून आपल्या जागेवर जाऊन बसलात आणि काचेतून समोर पाहत राहिलात. चालकानं मला विचारलं, “यांना न्यायचंय का?” ‘न्यायचंय’ म्हणाला तो. मी नाही म्हटलं. बस गेली. पुढच्या गावी उतरून तुम्ही परतीची बस धरलीत, हे मी फोन करून खात्री करून घेतलं. तेही पोलीस म्हणूनच. दुसरा मार्ग नव्हता.

माफी मागण्याइतकी माझी ओळख उरली आहे की नाही, माहीत नाही.

मोर्ना


तिखाया, १५ जानेवारी २०१२

ताई,

नमस्कार. आज वास्या लिहितोय, तेव्हा कोंबडीनं उकरलेलं अंगण वाच.

तुझं काही उत्तर नाही. नसो. मी तुला त्या संध्याकाळचं इकडचं सांगते, कारण ते तुझंच होतं.

टेबलावर आपल्या रीतीप्रमाणे पाव, मीठ, पाणी मांडलं होतं. पाव मी पहाटे उठून भाजला. सभेतली सगळी माणसं आली, बायका शाली घालून फाटकाशी दोन रांगांत उभ्या. तू बहिरी आहेस, हे कोणालाही सुचलं नाही. तुझ्या स्वागताला कोणतं स्तोत्र म्हणावं यावर आठवडाभर भांडले होते. असे आपले शहाणे लोक. वळणावर गाडीचे दिवे दिसले आणि सगळ्यांनी सुरुवात केली. गाडी थांबली. एक दार उघडलं. मोर्ना उतरली, शाल हातात. दुसरं दार उघडलं नाही.

स्तोत्र मध्ये तोडत नाहीत, ताई. सगळ्यांना दिसत होतं, तरी शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं. ती पोर बर्फात टोपी काढून उभी राहिली. एवढं लांब स्तोत्र निवडल्याबद्दल मी त्या सगळ्यांना अजून माफ केलेलं नाही.

तुला खोटं सांगितलं नाही, कमी सांगितलं, असं मी म्हणायचे. तुझ्याबाबतीत मी एवढं मोजूनमापून सांगायला नको होतं. भांडायचं असेल तर भांड. ओरड. मी शेजाऱ्यांकडून ऐकून घेईन.

आई सांगते आहे म्हणून मी, वास्या, पुढचं स्वतः लिहितो. मावशी, कलम झालं नाही. विषय यादीत सर्वांत शेवटी होता, वेळ संपली. गावांच्या सूचना ऐकायला नवी समिती नेमणार आहेत, तिच्यात आम्हाला खुर्ची आहे. भिंतीला लागून नाही, टेबलाशी. मार्चमध्ये मी गावाच्या वतीनं सही करणार आहे. न करून भागत नाही. त्या शनिवारी मी चुकीच्या जागी बसलो होतो.

फेन्या, आणि वास्या


व्हँकुव्हर, ४ मार्च २०१२

फेन्ये,

मी बरी आहे. जुनं घर गेलं, याच इमारतीत तळमजल्यावर एक खोली मिळाली. भांडी शेजारणीनं परत दिली, दोन ठेवून घेतली. योग्यच आहे.

मोर्नाचं पत्र मी वाचलं. तिला सांग, तिचा दोष नाही. तिची पकड जोराची नव्हती. दंडावर काही खूण नव्हती. तेव्हाही नव्हती. तो पुठ्ठा मी नंतर आठवून पाहते, त्यावर काहीतरी काळं लिहिलेलं होतं एवढंच आठवतं. ती कोण आहे ते डोक्याला बसमध्येच कळलं, पुढच्या गावी पोहोचायच्या आत. मी उतरून परत फिरू शकले असते. उभीही राहिले होते. पाय दाराकडे गेले नाहीत. सदुसष्ट वर्षांची बाई आहे मी, फेन्ये, आणि माझे पाय आठ वर्षांचे आहेत.

वास्याला म्हणावं, सही कर. गावाला पोलीस लागतात, हे मला इथे राहून माहीत आहे. कलम झालं असतं तरी मी राहू शकले असते की नाही, आता सांगता येत नाही. साध्या कपड्यांतल्या प्रत्येक माणसाकडे बघत बसले असते, हा तोच का म्हणून.

तुझ्यावर रागावले होते. आता तेवढी नाही. बाकाखाली मावलीस म्हणून कधी रागावले नाही, हेही लिहून ठेवते, तू कधी विचारणार नाहीस म्हणून.

दोन गोष्टी कर. ती खोली रिकामी ठेवू नकोस. दुकानावरच्या खोलीत थंडीत कोणी राहू नये. मोर्नाला दे. आणि मला पत्र पाठवशील ते तिच्या हातचं नको. तिचं अक्षर मला फार आवडायचं. आता पाकीट पाहिलं की हात मागे येतो.

परत ये म्हणू नकोस.

लुशा


तिखाया, २२ एप्रिल २०१२

ताई,

कमरेत वाकून नमस्कार.

तू म्हणालीस तसं केलं. मोर्ना आधी यायला तयार नव्हती. बदली मागते म्हणाली. मी म्हटलं, माझी बहीण गेली, आता तूही पळ, म्हणजे मी आणि कोबी राहू. तुझं पत्र वास्यानं तिच्यासमोर वाचलं. अक्षराचं आलं तेव्हा ती बाहेर अंगणात गेली. दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या घेऊन आली. पट्टा, टोपी, पिस्तूल ठाण्यात ठेवून येते, रोज. बूटसुद्धा. कोणत्याही कलमात नाही. सफरचंदं संपली होती, तरी खोलीला अजून वास आहे म्हणते.

वास्यानं सही केली. त्याच दिवशी घरी येऊन जेवला नाही. समितीची पहिली बैठक जूनमध्ये आहे. टेबलाशी खुर्ची मिळणार, म्हणून नवा कोट शिवायला टाकलाय. आता कोणतं कलम घालायचंय तिथे, मी विचारलं. ‘काहीतरी राहिलंच असेल आई,’ म्हणतो. हे त्यानं लिहायला नको म्हटलं, मी लिहायला लावलं.

उन्हाळ्यात तो मला तुझ्याकडे आणणार आहे, चार दिवस. तुझ्या एका खोलीत जमिनीवर झोपेन. चार दिवस म्हणजे पाहुणी झाले, ताई. मला तुझी पाहुणी व्हायचं नव्हतं. रोज सकाळी उठून तुझ्याशी कशावरून तरी भांडायचं होतं.

परत ये म्हणू नकोस म्हणालीस, म्हणत नाही. पण जीभ म्हातारी झालीय, तिला सांगून कळत नाही. संध्याकाळी ताटं मांडली की तोंडातून हाक जाते, ‘ताई, जेवायला ये गं.’ रोज जाते. पहिल्या दिवशी मीच जीभ चावली.

मग मागचं दार उघडलं, मोर्ना येऊन ताटावर बसली, आणि म्हणाली, “आले.”

फेन्या